तिठ्याचा रोजमेळ

इतवारीच्या धान्य बाजारात ज्यांना लहानथोर सारे ‘भाईजी’ म्हणतात, त्या गृहस्थांच्या पेढीवर चौतीस वर्षे एकच मुनीमजी होते. ते पारडीकडून सायकलने येत, आधी पूर्व नागपुरातील गोदामाचे कुलूप उघडत, आलेल्या मालाची पोती मोजून घेत आणि मग दुपारी इतवारीच्या दुकानात येऊन रोजमेळ लिहीत. संगणक आल्यावरही त्यांची लाल कापडी पुठ्ठ्याची वही सुटली नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, साडेनऊच्या सुमारास, गोदामाच्या अलीकडच्या तिठ्यावर एका ट्रकने त्यांच्या सायकलला धडक दिली आणि सारे तेथेच संपले. पंचनामा झाल्यावर पोलीस ठाण्यातून जो ऐवज परत मिळाला, त्यात घड्याळ, चष्म्याचे घर आणि गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

तेरावा आटोपल्यावर बाजारातली आठ-दहा मंडळी भाईजींच्या घरी बसली. तिठ्यावर सिग्नल बसवावा, गतिरोधक करावेत आणि मुनीमजींच्या नावाचा फलक लावावा, असे ठरले. पंधरा मिनिटांत सात लाखांचे आकडे बोलले गेले. आपल्या समाजात निधीला वेळ लागत नाही. पाणपोई, पांजरापोळ, शाळेची खोली, दवाखान्याची खाट, यांसाठी हात सहज खिशाकडे जातो. त्या दिवशीही तो तसाच गेला, आणि त्यात खोट काहीच नव्हती.

चहाचे कप उचलता उचलता भाईजींची धाकटी सून, जी सनदी लेखापाल आहे, एवढेच म्हणाली, “बाबूजी, पैसे आहेत, पण रस्ता आपला नाही.”

या एका वाक्याचा अर्थ कळायला पुढचे तीन महिने गेले. रस्त्याला मालक असतो, ही गोष्ट त्यावरून रोज जाणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कोणता रस्ता महानगरपालिकेचा, कोणता नागपूर सुधार प्रन्यासाचा, कोणता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि कोणता राष्ट्रीय महामार्ग, याचे उत्तर डांबराकडे पाहून मिळत नाही. तिठ्याला मिळणारे दोन रस्ते एका यंत्रणेचे आणि तिसरा दुसऱ्याच यंत्रणेचा निघाला. एका कार्यालयाने अर्ज घेऊन शिक्का मारला आणि सहा आठवड्यांनी तो ‘योग्य त्या कार्यालयाकडे’ सादर करावा असे कळवले. त्या कार्यालयाचे नाव मात्र पत्रात नव्हते.

दरम्यान वस्तीतल्या उत्साही तरुणांनी एका रात्री खडी-डांबराचा ढीग ओतून स्वतःच गतिरोधक केला. चार दिवसांत दोन दुचाक्या त्यावरून उलटल्या आणि पाचव्या दिवशी तो उखडला गेला. गतिरोधक म्हणजे उंचवटा नव्हे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेत त्याचे माप ठरलेले आहे: गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, त्यावर रंगाचे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा. नागपूरच्या गल्लीबोळांत मिळणारी कंबरतोड टेकाडे त्या मापाची नसतात, हे सांगायला अभियंता लागत नाही.

भाईजींना आधी वाटले होते की अनुदान म्हणजे दान देणाऱ्याला शोधणे. सुनेने त्यांना ते कर्जाच्या प्रकरणासारखे समजावून सांगितले. बँकेत आलेल्या प्रकरणात गरजूपणाचे वर्णन कितीही करुण असले, तरी अधिकारी पाने उलटत तारण, उलाढाल आणि परतफेडीची रीत पाहतो. अनुदानात परतफेड नसते, म्हणून तपासणी उलट अधिक कडक असते. पैसा कोठे लागला याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही.

दारे मात्र अनेक होती. रस्ता सुरक्षेच्या प्रबोधनासाठी स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्याची केंद्रीय परिवहन मंत्रालयाची योजना आहे. हे मंत्रालय २०१४ पासून नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे, त्यामुळे बैठकीत प्रत्येकाला प्रथम तेच दार आठवले. पण ती योजना प्रबोधनाची. तिच्यातून तिठा बदलत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो, खासदार-आमदारांचा स्थानिक विकास निधी असतो. मात्र त्यांतून होणारे काम शासकीय यंत्रणेच्या अंदाजपत्रकातून आणि तांत्रिक मान्यतेतूनच जाते. आणि तिसरे दार कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचे, ज्याला सारे सीएसआर म्हणतात.

व्यापारी वाचकांना या तिसऱ्या दाराची माहिती असणे उपयोगाचे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ‘रस्ता सुरक्षा’ हे शब्द ठळकपणे दिसत नाहीत, म्हणून अनेक अर्जदार तेथेच परततात. पण १८ जून २०१४ च्या परिपत्रकाने केंद्र सरकारने खुलासा केला की रस्ता सुरक्षेचे शिक्षण, वाहनचालकांचे प्रशिक्षण, वाहतूक अभियांत्रिकीतील सुरक्षिततेची कामे आणि अपघातग्रस्तांना वैद्यकीय व कायदेशीर मदत या गोष्टी त्या अनुसूचीत बसतात. अर्जात या परिपत्रकाचा दिनांक लिहिला की समोरच्या अधिकाऱ्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेला अर्धा प्रश्न अर्जदाराविषयी असतो. संस्थेची आयकराच्या कलम १२अ आणि ८०जी खालील नोंदणी, सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक, केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंद, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. भाईजी ज्या विश्वस्त मंडळावर होते, ते धार्मिक कार्याचे. त्याच्या घटनेत रस्त्याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे वेगळे प्रकरण. शेवटी असे काम आधीपासून करणाऱ्या शहरातील एका नोंदणीकृत संस्थेच्या नावाने अर्ज करायचा आणि बाजाराच्या मंडळींनी तिच्या पाठीशी राहायचे, असे ठरले. तेव्हा सात लाखांपैकी दीड लाखाचे आकडे आपोआप मागे गेले, कारण फलकावर कोणाचे नाव येईल हे आता निश्चित नव्हते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण नोंद करण्याजोगी ही गोष्ट आहे.

यानंतर खरी अडचण उभी राहिली. अर्जाच्या दुसऱ्याच पानावर विचारले होते: या ठिकाणी धोका आहे, याचा पुरावा काय?

‘अपघातप्रवण स्थळ’ ही शासनाची ठरलेली संज्ञा आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात मागील तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे दगावली, तर ते स्थळ त्या यादीत जाते. माहितीच्या अधिकारात पोलिसांकडून मिळालेल्या कागदांत या तिठ्यावर तीन वर्षांत दोनच अपघात होते. त्यांतला एक मुनीमजींचा. भाईजींनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. “म्हणजे अजून तीन माणसे पाहिजेत,” असे ते म्हणाले आणि कागद परत सुनेकडे दिला.

वाट नागपुरातूनच निघाली. २०२१ मध्ये या शहरात ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका हे त्यातले भागीदार. महानगरपालिकेच्या बसगाड्यांत टकरीची पूर्वसूचना देणारी उपकरणे बसवण्यात आली. बस चालवताना समोर माणूस वा वाहन धोकादायक अंतरावर आले की उपकरण चालकाला इशारा देते, आणि तो इशारा कोठे मिळाला याची नोंदही राहते. ज्या जागी असे इशारे पुन्हा पुन्हा मिळतात, तेथे अपघात अजून झाला नसला तरी तो होण्याच्या बेतात आहे, असा त्यामागचा विचार. अशा जागांना त्या प्रकल्पात ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. काळा डाग पडण्याआधीचा करडा डाग, असे म्हणता येईल. माणसे मोजण्याऐवजी हुकलेले प्रसंग मोजायचे, ही कल्पना सुनेने उचलली. उपकरण नव्हते; पण डोळे आणि वही होती.

मुनीमजींच्या कोऱ्या राहिलेल्या वह्यांतली एक काढली. डाव्या पानावर वेळ आणि वाहनाचा प्रकार, उजव्या पानावर काय घडले ते: करकचून ब्रेक, सायकलस्वार खाली उतरला, शाळेची मुले मध्येच थांबून मागे फिरली, दोन वाहने एकमेकांना घासली. दोन आठवडे, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. चौकाचौकांत उभे राहून वाहनचालकांना समजावणारे जनआक्रोश संस्थेचे स्वयंसेवक नागपूरकरांना परिचित आहेत. त्यामुळे रस्त्यावर उभ्या राहिलेल्या वयस्क माणसाकडे या शहरात कोणी वेड्यासारखे पाहत नाही. भाईजी स्वतः सकाळच्या पाळीला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. आयुष्यभर ज्या तिठ्यावरून ते गाडीची काच वर करून गेले होते, तो त्यांनी सदुसष्टाव्या वर्षी प्रथम पाहिला.

पहाटेच्या विहाराला निघालेल्या साध्वीजी भंडारा रस्त्याकडे याच तिठ्यावरून जातात, हेही तेव्हाच दिसले. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे, मुंगीही पायाखाली येऊ नये, ही त्यांची ईर्यासमिती. मागून येणाऱ्या वाहनाला मात्र ते चार हात दिसत नाहीत.

बारा-तेरा दिवसांनी सुनेने वहीची खतावणी केली. निम्म्याहून अधिक नोंदी सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यानच्या होत्या. संध्याकाळी वाहने अधिक, पण प्रसंग कमी. भाईजींना आश्चर्य वाटले. मग तिने तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवले. त्या वेळात वळणावर माल उतरवायला आलेल्या गाड्या ओळीने उभ्या असत, गोदामे उघडण्याची वाट पाहत. वळणावरून येणाऱ्याला त्यांच्यापलीकडचे दिसत नसे, आणि सायकलवाल्याला त्यांना वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर यावे लागे. त्या गाड्या कोणाच्या मालाच्या होत्या, हे वेगळे विचारण्याची गरज नव्हती. पंधरा मिनिटांत सात लाख जमवणाऱ्या बैठकीत बसलेल्यांच्याच त्या होत्या.

आता अर्जात कारणे कोणत्या क्रमाने लिहायची, यावर दुसरी बैठक झाली. मंडळींचे म्हणणे व्यवहारी होते. सिग्नल नाही, पट्टे पुसले आहेत, वाहनचालक बेफाम आहेत, हे लिहावे; गाड्यांचा उल्लेख शेवटी, ओझरता. एकाने विचारले, “आपल्याच पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायचा का, भाईजी? उद्या पोलीस रोज दंडाची पावती फाडतील.” प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याची दहा गाड्या मालाची उलाढाल आहे, त्याला रस्त्याच्या कडेचे दहा मीटर किती मोलाचे असतात हे बाजाराबाहेरच्या माणसाला कळायचे नाही.

भाईजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून गोदामाची आवक वही आणि त्या सकाळची बिल्टी काढली. त्या दिवशी तूरडाळीची एक गाडी आठ वाजताच येऊन वळणावर उभी होती. गोदामाला कुलूप होते. त्याच गाडीसाठी कुलूप उघडायला मुनीमजी येत होते आणि त्याच गाडीला वळसा घालताना ते मध्यावर आले. बिल्टीवर माल मिळाल्याची सही भाईजींची होती. मुनीमजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची. माल उतरवून तर घ्यावाच लागतो. ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि घरातही त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखे यात काही निघाले नाही. अर्जात मात्र वळणावर उभ्या राहणाऱ्या मालवाहू गाड्या हे कारण पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याखाली गोदाममालकांनी काय करायचे मान्य केले आहे, तेही गेले.

हे मान्य करून घेणे अर्ज लिहिण्याहून अवघड होते. गोदामे सकाळी सहाला उघडायची आणि साडेआठनंतर वळणावर गाडी उभी राहू द्यायची नाही, एवढेच ठरवायचे होते. पण हमालांनी विचारले की दोन तास लवकर यायचे तर हमालीचा दर तोच कसा? त्यांचे म्हणणे रास्त होते. पोत्यामागे वाढीव हमाली द्यायचे ठरायला पाच बैठका लागल्या, आणि दोन गोदाममालकांनी शेवटपर्यंत सही केली नाही. फलकासाठी लाख रुपये आनंदाने देणारा माणूस पोत्यामागच्या चार आण्यांसाठी किती घासाघीस करतो, हे व्यापाऱ्यांच्या मासिकात लिहायचे तर थोडा संकोच होतो. पण दान एकदाच करायचे असते आणि हमाली रोज द्यायची असते, हेही खरेच आहे.

अर्ज आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या माहितीसाठी आणि मग एका कंपनीकडे गेला. कंपनीच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो वहीविषयी. अशी मोजणी तुम्ही काम झाल्यावरही कराल काय? सुनेने काम झाल्यानंतरच्या तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यातली मोजणी अंदाजपत्रकात आधीच धरली होती. अपघातांत मरणाऱ्यांचे आकडे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत सुमारे पाचवा हिस्सा पायी चालणारे होते, हे प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात असतेच. त्या आकड्याने पैसा मिळत नाही. तिठ्याच्या आकड्याने मिळतो.

अमेरिकेत २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने गावोगावच्या रस्ता सुरक्षेसाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर ठेवले गेले. त्या योजनेत अनुदाने दोन प्रकारची आहेत: एक प्रत्यक्ष कामासाठी, आणि दुसरे केवळ आराखडा तयार करण्यासाठी, म्हणजे धोका कोठे आहे हे शोधण्यासाठी. लहान गावालाही आधी मोजणीचे पैसे मिळतात आणि मग कामाचे मागता येतात. आपल्याकडे कामाला पैसा आहे. मोजायला सहसा कोणी देत नाही. प्रस्ताव लिहिणारा, पोलिसांचे कागद काढणारा, खुर्ची टाकून बसणारा, यांचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही. समाजाच्या दानाला खरी जागा आहे ती येथे, आणि तेथे फलक लावण्याजोगी भिंत नाही.

सिग्नल मंजूर झाला नाही. तेवढी वाहने तिठ्यावर नाहीत, असा निर्णय आला आणि तो बरोबर होता. रस्त्याच्या यंत्रणेने नियमित देखभालीतून पादचारी पट्टे आखले आणि वळणाच्या कडेला गाडी उभी राहणार नाही असे खांब रोवले. कंपनीच्या निधीतून मापाचे दोन गतिरोधक, रात्री चमकणारे रस्त्यावरचे ठोकळे, शाळेच्या बाजूचा पदपथ आणि दोन वर्षांची मोजणी झाली. एकूण खर्च मूळ सात लाखांहून बराच कमी आला. दुसऱ्या हप्त्यासाठीचे उपयोगिता प्रमाणपत्र एकदा परत आले, कारण रंगाच्या एका पावतीवर दिनांक नव्हता. ती पावती मिळवायला रंगाच्या दुकानदाराकडे तीन चकरा झाल्या. मुनीमजींच्या नावाचा फलक कोठेच नाही. त्यांच्या मुलाला तो नकोच होता, असे नंतर कळले.

गोदामाचे कुलूप आता सकाळी सहाला उघडते. नवा मुनीम तरुण आहे, मोटारसायकलने येतो. तो येईपर्यंत बहुतेक दिवस भाईजींनीच किल्ली फिरवलेली असते.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर, विहार सुरू झाल्यावर, कळमन्याच्या बाजूच्या आणखी एका तिठ्यावर मोजणी सुरू झाली आहे. वही नवी आहे. पहिल्या वेळी जो रकाना नोंदी सुरू झाल्यावर समासात कसाबसा आखावा लागला होता, तो या वेळी सुनेने पहिल्या पानापासूनच आखून घेतला: उभी असलेली गाडी कोणाच्या मालाची.